कचऱ्याच्या डोंगराखालचं पाणी कोणी तपासायचं?

सरकारी कागदांत जुन्या डम्पिंगवर साचलेल्या कचऱ्याला ‘लेगसी वेस्ट’ म्हणतात. लेगसी म्हणजे वारसा. हा शब्द ज्याने निवडला त्याच्या मनात काही नसेल, पण शब्द अचूक बसला आहे. या देशात काहींना वारशात जमीन मिळते, आडनाव मिळतं, इंग्रजी आणि ओळखीपाळखी मिळतात. काहींना डम्पिंग मिळतं.

१ ऑक्टोबर २०२१ ला स्वच्छ भारत मिशनचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा जाहीर झाला. देशभर साधारण १६ कोटी टन जुना कचरा १५ हजार एकर जमीन अडवून बसला आहे आणि तो उपसून जमीन मोकळी करायची, हे त्यातलं एक मोठं उद्दिष्ट. तेव्हापासून शहराशहरांत निविदा निघतायत, पोकलेन लागतायत. आपल्या वस्त्यांच्या उशाला असलेले डोंगर हलतायत याचा मला आनंदच आहे. तक्रार वेगळी आहे. या सगळ्या कामाचा हिशोब टनात आणि एकरात होतो. किती उचललं, किती मोकळं झालं. शेजारी चाळीस-पन्नास वर्षं राहिलेल्या माणसांच्या पाण्यात, मातीत, हवेत काय उतरलं, हा हिशोब निविदेत शेवटच्या पानावर असतो. आणि तो कोणी मांडायचा, बाटली कुठे बुडवायची, हे ठरवताना त्या माणसांना कोणी विचारत नाही.

मी गोवंडीत वाढले. आई डम्पिंगवर प्लास्टिक आणि पत्रा वेचायची, वडील नाका कामगार. घरात दहावी पास होणारी मी पहिली. पुढे केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि गेली अकरा वर्षं पाणी-माती तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. हे कौतुकासाठी सांगत नाही. पुढचं सगळं मी कुठे उभी राहून बघते आहे, ते वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं. त्याही आधी, १८९६ च्या प्लेगनंतर, मुंबईचा कचरा मालगाडीत भरून चेंबूरकडच्या दलदलीत नेऊन टाकायला सुरुवात झाली होती. १९२७ हे साल मात्र आपल्याला वेगळ्या कारणासाठी पाठ आहे. त्या वर्षी २० मार्चला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं महाडच्या चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. १०८ घागरी. त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही.

या १०८ घागरींकडे जरा केमिस्टच्या नजरेने बघा. तळ्यात शेण आणि दूध ओतल्यावर काय होतं, हे बारावी सायन्सचं पोरगंही सांगेल. जिवाणू वाढतात, पाण्यातला प्राणवायू घटतो. म्हणजे पाणी आधीपेक्षा घाण झालं आणि शुद्ध ठरलं. कारण तिथे पाण्याची परीक्षा चाललेलीच नव्हती, पाण्याला हात कोणी लावला याची चालली होती. मला डम्पिंगच्या सफाईची निविदा वाचताना हे तळं सारखं आठवतं. शुद्धीला तपासणी लागत नाही. तपासणी लागते ती सफाईला.

“तुम्हीच डम्पिंगशेजारी राहायला आलात, डम्पिंग आधीपासून होतं,” हे वाक्य गोवंडीतल्या प्रत्येकाने ऑफिसात किंवा कॉलेजात एकदा तरी ऐकलंय. उत्तर सोपं आहे. आलो नाही, आणलं. १९७० च्या दशकात शहराच्या मोक्याच्या जागांवरच्या झोपड्या तोडून लोकांना ट्रकमध्ये भरून इथे सोडलं. शिवाजीनगर, बैंगनवाडी अशाच वसल्या. दलित, मुसलमान, भटके-विमुक्त, मराठवाड्यातून आणि उत्तरेतून पोटासाठी आलेले. दिल्लीचं बघा. भलस्वाचं डम्पिंग १९९४ मध्ये सुरू झालं आणि २००० च्या सुमाराला शहरातून उठवलेल्या माणसांना त्याच्या पायथ्याशी प्लॉट दिले. डम्पिंग तिथे आहे हे प्लॉट देणाऱ्याला माहीत नव्हतं, असं कोण म्हणेल? २०१६ च्या घनकचरा नियमांत वस्ती आणि भरावाची जागा यांच्यात निदान २०० मीटर अंतर हवं असं लिहिलं होतं. भलस्वात किंवा देवनारला टेप घेऊन जायची गरज नाही, नुसतं दारात उभं राहिलं तरी पुरे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक पोटकलम आहे, आपल्यापैकी वकिली करणाऱ्यांना ते माहीत असेल. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाच्या आवारात किंवा दाराशी मैला, घाण, मेलेली जनावरं किंवा तसलं काही टाकणं हा गुन्हा आहे. पुढच्या पोटकलमात त्याच्या शेजारात टाकणंही गुन्हा आहे, पण तिथे अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. म्हणजे गावात एका घराच्या दारात मेलेलं कुत्रं टाकलं तर ती जात आहे, हे कायद्याला दिसतं. अख्ख्या शहराने रोज हजारो टन घाण, शंभर वर्षांजवळ, एकाच वॉर्डात टाकली तर त्याला नियोजन म्हणतात. त्यात हेतू कोणाचाच नसतो.

आता तपासाकडे येते, कारण माझं खरं काम ते आहे.

कचऱ्याचा ढीग वरून कोरडा दिसतो. आत पावसाचं पाणी मुरतं, कुजलेल्या अन्नातून, बॅटऱ्यांमधून, रंगाच्या डब्यांमधून, दवाखान्याच्या कचऱ्यातून खाली उतरतं. ते काळं, दुर्गंधी पाणी म्हणजे लिचेट. जुन्या डम्पिंगला तळाशी अस्तर नसतं, त्यामुळे ते थेट जमिनीत जातं आणि भूजलाचा उतार जिकडे असेल तिकडे सरकत राहतं, वर्षाला काही मीटर किंवा जास्त, जमीन कशी आहे त्यावर. कचरा टाकणं आज थांबवलं तरी हे सरकणं थांबत नाही. म्हणून नीट तपास करायचा तर ढिगाच्या वरच्या अंगाला एक बोअर लागते आणि खालच्या अंगाला तीन-चार. वरच्या बोअरचं पाणी म्हणजे ‘आधीचं’ पाणी, खालच्या बोअरींचं ‘नंतरचं’. दोन्हींतला फरक हाच पुरावा. एकदा पावसाळ्याआधी, एकदा पावसाळ्यानंतर. क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट आणि टीडीएस आधी वाढलेले दिसतात, ते लिचेटचे पायाचे ठसे. मग शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक. मातीचे नमुने वेगळे. मिथेनची मापं वेगळी, कारण ढिगात पेटणारा तोच आणि घराच्या जोत्यातून आत शिरणाराही तोच.

हे सगळं पुस्तकात आहे. प्रत्यक्षात काय होतं?

मी आधी ज्या खासगी लॅबमध्ये होते तिथे डम्पिंगच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या. बाटली गिऱ्हाइकाने भरून आणलेली. गिऱ्हाईक म्हणजे ठेकेदार, किंवा ठेकेदाराचा सल्लागार. बाटलीवर चिठ्ठी: ‘बोअरचं पाणी’. कोणती बोअर, किती खोल, ढिगाच्या कुठल्या बाजूला, काही नाही. आम्ही मशीन नीट चालवायचो, आकडे खरे यायचे, आणि रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असायची, की हे निकाल फक्त लॅबला मिळालेल्या नमुन्यापुरते आहेत. ही ओळ प्रत्येक लॅबच्या रिपोर्टवर असते आणि ती प्रामाणिक आहे. अडचण अशी की पुढे तोच रिपोर्ट फाइलीत ‘परिसरातील भूजल सुरक्षित’ या वाक्याला जोडला जातो. मी एकदा वरिष्ठांना विचारलं की नमुना आपणच जाऊन का घेत नाही. म्हणाले, “तेवढे पैसे कोण देणार?” प्रश्न त्यांचाही चुकीचा नव्हता. पैसे देणारा आणि तपासला जाणारा एकच असेल, तर बाटली कुठे बुडेल हे ठरलेलंच आहे.

दुसरी गोष्ट ‘बीडीएल’. म्हणजे मशीन मोजू शकेल त्या मर्यादेच्या खाली. रिपोर्टमध्ये शिशासमोर बीडीएल लिहिलं की साहेब, नगरसेवक, पत्रकार, सगळे ‘शिसं नाही’ असं वाचतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३. लॅबची पद्धत जर ०.०५ च्या खालचं मोजूच शकत नसेल, तर मर्यादेच्या चौपट शिसं असलेलं पाणीही बीडीएल येईल. रिपोर्ट खोटा नसतो. त्यातून वस्तीला जे सांगितलं जातं ते खोटं असतं. आपल्या पोरांनी एवढा एक रकाना वाचायला शिकावं, मोजणीची मर्यादा किती लिहिली आहे. लिहिलीच नसेल तर तो कागद परत पाठवावा.

जागेचा इतिहास हे तपासाचं पहिलं पान असतं. कधीपासून काय टाकलं, कुठे टाकलं, कुठे आग लागत राहते. जगभर यासाठी जुन्या रहिवाशांशी बोलायची पद्धत आहे. देवनारचा इतिहास कोणाला ठाऊक आहे? माझ्या आईला आहे. डम्पिंगच्या कुठल्या अंगाला काचेच्या बाटल्या लागायच्या आणि कुठे नुसत्या गुटख्याच्या पुड्या, म्हणजे कुठला थर जुना आणि कुठला नवा, हे ती सांगते. जमीन कुठे चपलेतून भाजते हे सांगते. दवाखान्याच्या सुया कुठल्या वर्षांत जास्त यायच्या तेही. ड्रोनने ढिगाची उंची आणि घनफळ मोजता येतं. हे येत नाही. पण तपासाच्या फाइलीत अशा बायांचं नाव ‘अतिक्रमण’ या सदरात येतं. २०१६ च्या आगींनंतर तर संशय पहिला कचरा वेचणाऱ्यांवर आणि भंगारवाल्यांवरच गेला, अटका झाल्या, आत जायच्या वाटा बंद झाल्या. जानेवारी २०१६ मधल्या त्या आगीचा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता. आमच्या घरातला धूर त्याआधीही होता, फक्त तेवढ्या वरून कोणी बघितलं नव्हतं.

त्याच फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या, कचऱ्याची व्यवस्था होईपर्यंत. तेव्हा मात्र खूप लोकांना देवनार कुठे आहे ते कळलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी सैल केली.

उपसण्याची जी पद्धत सध्या चालते तिला बायोमायनिंग म्हणतात. ढीग थराथराने खरवडायचा, लांब वाफे करायचे, त्यावर जिवाणूंचं द्रावण फवारून उलटसुलट करायचं, वाळलं की मोठ्या फिरत्या चाळण्यांतून काढायचं. प्लास्टिक आणि चिंध्या सिमेंटच्या भट्टीला जळण म्हणून, दगडविटा भरावाला, आणि सगळ्यात जास्त निघते ती बारीक, काळपट माती. पद्धत वाईट नाही. इंदूरने देवगुराडियाचा सुमारे १३ लाख टनांचा ढीग असाच हलवला आणि देशभर त्याचं उदाहरण देतात. माझा प्रश्न त्या बारीक मातीचा आहे. निविदांत तिला ‘चांगली माती’ म्हणतात. आयआयटी दिल्लीच्या अभ्यासकांनी जुन्या डम्पिंगांतली अशी माती तपासली तेव्हा त्यात जड धातू आजूबाजूच्या साध्या मातीपेक्षा बरेच जास्त निघाले, क्षार जास्त निघाले, पाण्यात घातल्यावर काळा रंग सुटला. ही माती ट्रकमध्ये भरून कुठे जाते? रस्त्याच्या भरावात, खड्ड्यात, कधी शेतात. म्हणजे एका वस्तीचा ढीग चाळून दुसऱ्या गावाच्या सखल भागात. आणि सखल भागात कोण राहतं, हे या पोर्टलवर सांगायला नको.

ढीग गेला म्हणजे खालची जमीन स्वच्छ झाली, असंही नाही. भोपाळ आठवा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला पोत्यांत भरून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला, तिथल्या लोकांचा विरोध असताना नेला, आणि जाळला. बातमी झाली की भोपाळ साफ झालं. कारखान्याच्या आवारात पुरलेलं आणि तिथून भूजलात उतरलेलं त्या ३३७ टनांत नव्हतंच. त्या पाण्याबद्दल बोलत राहिल्या त्या आसपासच्या वस्त्यांतल्या बाया आणि त्यांच्या संघटना. त्यांनी रेटलं म्हणून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वस्त्यांना शुद्ध पाणी द्यायचा आदेश दिला.

देवनारची निविदा २०२५ मध्ये निघाली. १८५ लाख टन कचरा, अंदाजे २,३६८ कोटी रुपये. मालाडचं डम्पिंग कधीच बंद झालं, गोराईचं झालं, मुलुंडचं २०१८ मध्ये झालं. आमच्याकडे सफाई सगळ्यात शेवटी पोहोचली, आणि पोहोचली तेव्हा तिच्या आधी दुसरा कागद आला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनारच्या डम्पिंगची १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी द्यायला मंजुरी दिली. धारावीत जे ‘अपात्र’ ठरतील त्यांच्या घरांसाठी. धारावीत कोण राहतं आणि अपात्र कोण ठरतं, तेही सांगायला नको. १९७० च्या दशकात माणसांना ढिगाच्या कडेला सोडलं होतं. आता ढिगाच्या जागेवरच सोडायचं आहे.

२०१६ च्या नियमांत बंद केलेल्या भरावाच्या जागेवर माणसं वसवण्याबद्दल स्पष्ट लिहिलं होतं. बंद केल्यावर १५ वर्षं देखरेख करायची, त्यानंतर वायू आणि लिचेट मानकांत बसतात आणि जमीन खचत नाही याची खात्री झाली, तरच विचार करायचा. आता उत्तर असं येईल की आम्ही भराव झाकून ठेवत नाही, काढूनच टाकतो आहोत, मग १५ वर्षं कशाला. ठीक आहे. मग ढीग काढल्यावर खालच्या मातीचे आणि पाण्याचे नमुने घ्या, ठरावीक अंतराच्या चौकटी आखून घ्या, आणि निकाल लोकांसमोर टाका. दोन्हींपैकी एक तरी करावंच लागेल. मालाडच्या जुन्या डम्पिंगवर काचेच्या ऑफिस-इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा काही वर्षांनी तिथले संगणक आणि एसी वारंवार बिघडू लागले. जमिनीतून येणाऱ्या वायूंनी आतले धातूचे भाग गंजत होते. संगणक बिघडल्यावर बातमी झाली, तपास झाला. संगणकाची वॉरंटी असते.

“आता साफ होतंय तर होऊ द्या, प्रश्न विचारून अडवू नका.” हे मला माझ्याच वस्तीतल्या लोकांनीही ऐकवलंय, आणि त्यांचा राग मला समजतो. दम्याच्या पंपावर दिवस काढणाऱ्या माणसाला उद्याचा रिपोर्ट नको असतो, ढीग हटलेला हवा असतो. वेचून पोट भरणाऱ्या बायांचं म्हणणं आणखी वेगळं आहे. ढीग गेला तर चूल कशावर पेटणार? २०१६ च्या नियमांतच कचरावेचकांना कामात सामावून घ्यायचं लिहिलेलं होतं, आणि चाळणीवर हाताने वेगळं करायचं काम त्यांच्याइतकं कोणाला येतं? त्यांना पगार, हातमोजे, विमा देऊन घ्या, हीही सफाईचीच अट असली पाहिजे. पण प्रश्न विचारल्याने सफाई थांबते, हे खरं नाही. उलट घडलेलं एक ठिकाण आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७८ मध्ये ट्रान्सफॉर्मरचं टाकाऊ तेल, पीसीबी नावाचं विष असलेलं, टँकरमधून रात्री शेकडो किलोमीटर रस्त्यांच्या कडेला ओतून दिलं गेलं. ती विषारी माती खरवडून कुठे पुरायची? सरकारने वॉरेन काउंटीतलं ऍफ्टन निवडलं. गरीब आणि बहुसंख्य काळी वस्ती. भूजलही फार खोल नव्हतं, तांत्रिक दृष्टीनेही जागा चांगली नव्हती. १९८२ मध्ये ट्रक आले तेव्हा माणसं रस्त्यावर आडवी झाली. पाचशेहून जास्त अटका झाल्या. ट्रक तरीही गेले, माती पुरली गेली. लढाई हरली, असं कोणीही म्हटलं असतं. पण त्यातून पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या हिशोब तपासणाऱ्या खात्याने एक साधी मोजणी केली. आग्नेयेकडच्या आठ राज्यांत विषारी कचऱ्याच्या अशा चार जागा, त्यातल्या तीन बहुसंख्य काळ्या वस्तीत. पर्यावरणातला वंशवाद हा शब्द तिथून जगभर गेला.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. १९९३ मध्ये कळलं की त्या पुरलेल्या जागेत पाणी साचलंय, लाखो लिटर. सरकार म्हणालं, बाहेर उपसतो. रहिवासी म्हणाले, थांबा, आधी आमच्या माणसाला बघू द्या. सरकार आणि रहिवासी यांची संयुक्त समिती झाली, आणि रहिवाशांनी आपले शास्त्रीय सल्लागार स्वतः निवडले, सरकारी पैशातून. नमुने कुठून घ्यायचे, कुठल्या पद्धतीने विष काढायचं, यावर वर्षानुवर्षं भांडण झालं. पण माती दुसऱ्या गावात नेऊन पुरायची नाही, इथेच तापवून विष काढायचं, हे रहिवाशांनी मान्य करून घेतलं. २००३ च्या अखेरीला काम संपलं. साधारण १ कोटी ८० लाख डॉलर लागले. एकवीस वर्षं लागली, हेही खरं.

आपल्याकडे संयुक्त समितीवर वस्तीचा माणूस घ्यायचा म्हटलं की नगरसेवकाचं नाव पुढे येतं. सल्लागार वस्तीने निवडायचा, फी पालिकेने द्यायची, ही मागणी अजून कोणत्या निविदेच्या बैठकीत मी ऐकलेली नाही. २,३६८ कोटींमध्ये एक स्वतंत्र लॅब आणि दोन भूजलतज्ज्ञ किती रुपयांचे? पोकलेनच्या डिझेलात बसतील.

आणि हे तज्ज्ञ बाहेरून आणायची गरजही आता उरलेली नाही, निदान सगळीकडे. आपल्या वस्त्यांतून केमिस्ट्री, सिव्हिल, जिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स, कायदा शिकलेली पहिली पिढी निघाली आहे. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्ही त्यातलेच. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करा, नोकरी करा, घर चालवा, ते कोणाला चुकलंय. पण आठवड्यातले दोन तास द्यायचे असतील तर काम पडलेलं आहे. स्टॅटिस्टिक्सवाल्यांसाठी: देशातल्या दोन हजारांहून जास्त जुन्या डम्पिंगांची नोंद सरकारकडे आहे आणि २०११ च्या जनगणनेत शहरांतल्या वॉर्डनिहाय अनुसूचित जातींचे आकडे आहेत. दोन्ही शेजारी ठेवा. वॉरेन काउंटीनंतर अमेरिकेत झाली तीच मोजणी आहे ही, लॅपटॉपवर होते.

कायदा शिकलेल्यांसाठी: माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येतच, कलम २ मध्ये, कागदांच्या प्रतींबरोबर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क लिहिला आहे. आपण दहा रुपयांचा अर्ज करून झेरॉक्स मागतो. चाळणीतून निघालेल्या बारीक मातीचा प्रमाणित नमुना मागा. ती माती घेऊन कोणता ट्रक कुठल्या गावाला गेला त्याच्या पावत्या मागा. लॅबच्या रिपोर्टबरोबर नमुना घेतल्याची जागा, अक्षांश-रेखांश, नमुना घेणाऱ्याचं नाव मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील. नुकसानभरपाईसाठी हरित न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण पाच वर्षांची मुदत असते आणि आता काय होतं, आधी काय होतं, हे दाखवणारा आकडा हातात लागतो. तो आकडा ढीग हलायच्या आधीच घेतलेला असावा लागतो. ढीग गेल्यावर ‘आधी’ परत मिळत नाही.

म्हणून तुमच्या शहरात निविदा निघाली असेल तर या उन्हाळ्यातच सुरुवात करा. ढिगावर चढू नका, आत पोकळ्या असतात आणि आग दिसत नाही. वस्तीतल्या वापरातल्या बोअरी आणि विहिरी मोजा, नकाशावर टिंबं घाला. डम्पिंगच्या वरच्या अंगाची एक तरी विहीर त्यात हवी. मान्यताप्राप्त लॅबला फोन करून सांगा की नमुना तुमच्या माणसाने येऊन घ्यायचा, आम्ही फक्त जागा दाखवणार. वर्गणी काढावी लागेल, एका नमुन्याचे धातूंसकट काही हजार होतात. पाणी काही मिनिटं वाहू द्या, मग भरा. धातूंसाठीची बाटली वेगळी, तीत लॅबचा माणूस नायट्रिक आम्ल टाकतो, त्याला हात लावू नका. तारीख, वेळ, विहिरीचा फोटो, वस्तीतल्या दोघांच्या सह्या. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच विहिरी पुन्हा.